दिरहमचं कार्ड, जळगावचं एटीएम आणि आठशेची चाट

आखाजीला नाहीतर लग्नसराईत आखातातून माणूस गावी येतो. पगाराचं दुबईचं कार्ड खिशात असतं आणि जळगाव-धुळ्याच्या एटीएममधून तो रोकड काढतो. हातात नोटा बरोबर दहा हजारांच्याच पडतात, त्यामुळे फसल्याचं कळतही नाही.

फसगत होते ती एका स्क्रीनवर. 10,000 टाकले की मशीन विचारतं, रक्कम दिरहममध्ये कापू का? खाली 469.57 असा आकडा, शेजारी ‘गॅरंटीड रेट’ असे गोड शब्द आणि दोन बटणं: ‘ॲक्सेप्ट कन्व्हर्जन’, ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’. मागे रांग लागलेली असते. डिक्लाइन म्हणजे व्यवहारच रद्द, असं वाटून माणूस ॲक्सेप्ट दाबतो.

समजा, त्या दिवशी दिरहमचा भाव 23 रुपये आहे. मग दहा हजारांना 434.78 दिरहम लागायला हवेत. 469.57 म्हणजे वर 8 टक्के चढवले, पावणेपस्तीस दिरहम, 800 रुपये. दर कधी कधी उलटा दाखवतात, 1 रुपया = 0.0470 दिरहम. असल्या आकड्यावरून कोणाला काय उमजणार? म्हणून मागितलेले रुपये कापल्या जाणाऱ्या दिरहमने भागा. इथे 21.30 येतात. मोबाइलवरच्या भावाशी ताडून पाहा.

डिक्लाइन दाबलं तरी नोटा येतात. व्यवहार रुपयात नोंदला जातो आणि हिशेब व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने होतो, वर तुमच्या बँकेचं शुल्क. तेही फुकट नाही, पण बहुतेक वेळा बरंच स्वस्त पडतं. उलट ॲक्सेप्ट केल्यावर काही आखाती बँका परदेशातला दिरहम व्यवहार म्हणून आणखी पैसे कापतात. एखाद्या मशीनवर डिक्लाइननंतर व्यवहार खरोखरच बंद पडला, तर सरळ दुसऱ्या बँकेचं मशीन गाठा.

मशीनवाली बँक शुल्क घेत असेल तर ते निराळं, तेही दर खेपेला. एका वेळची मर्यादा दहा हजार असेल तर चाळीस हजारांसाठी ते चारदा भरावं लागतं.

इंग्रजी स्क्रीन पाहून गोंधळलेल्याला ‘भाऊ, दाखवू का?’ म्हणणारा भेटतोच. पिन बघून कार्ड बदलायला त्याला दोन सेकंद पुरतात. बँकेचा एसएमएस जातो दुबईच्या नंबरवर, आणि ते सिम इथे बहुधा बंद पडलेलं असतं. निघण्यापूर्वीच बँकेचं ॲप चालू करून त्यातून कार्ड ‘फ्रीझ’ कसं करायचं ते बघून ठेवा.

पैसे कापले आणि नोटा आल्याच नाहीत, तर 5 दिवसांत परत, नाहीतर रोजचे 100 रुपये, हा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम देशांतर्गत व्यवहारांचा आहे, परदेशी कार्डाला तो लागत नाही. तक्रार कार्ड देणाऱ्या बँकेकडेच करायची. पावतीचा आणि स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरची छपाई हळूहळू उडते. पर्यायच न विचारता दिरहममध्ये कापलं असेल तर दाद मागता येते. ॲक्सेप्ट दाबलं असेल तर फार अवघड, कारण पावतीवर तुमची संमती छापलेली असते.

मोठी रक्कम लागणार असेल तर ती तिकडूनच एक्स्चेंज हाउसमधून एनआरई खात्यात (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं इथलं रुपयातलं खातं) पाठवा. त्या खात्याचं कार्ड रुपयाचं असतं, त्यामुळे हा स्क्रीन येतच नाही.