मताधिकाराची रंगवायची पानं: आठ महिने वापरल्यानंतर

मार्चमध्ये लेकीसाठी स्त्रियांच्या मताधिकारावरचा रंगकामाचा संच घेतला. चोवीस पानांची पीडीएफ, घरी छापून घ्यायची. आम्ही न्यू जर्सीत राहतो, लेक तेव्हा सहा वर्षांची. इथे शाळांमध्ये मार्च म्हणजे स्त्रियांच्या इतिहासाचा महिना, तेवढ्यापुरताच घेतला होता. नोव्हेंबर उजाडला तरी पानं छापणं चालूच आहे.

आधी कागदाचं सांगते. प्रिंटरच्या साध्या कागदावर मार्कर फिरवला की रंग थेट टेबलावर उतरतो. आमच्या टेबलावर एक जांभळा पट्टा कायमचा राहिलाय. मेणखडूच द्या.

निम्मी पानं नुसत्या चेहऱ्यांची आहेत. खाली नाव आणि जन्मसाल, संपलं. सुझन अँथनीचा अंबाडा लेकीनं गुलाबी केला आणि उठून गेली. १८७२मध्ये मत टाकलं म्हणून या बाईंना अटक झाली, शंभर डॉलर दंड झाला आणि तो त्यांनी कधीच भरला नाही, हे मी सांगितलं तेव्हा स्वारी परत आली. "मग त्यांना कोणी रागावलं नाही?" पानावर यातलं अक्षरही नाही.

पैसे वसूल झाले ते टेनेसीच्या पानावर. १९२०च्या ऑगस्टमधलं तिथलं विधिमंडळ. बायकांना मत देणाऱ्या घटनादुरुस्तीला ३६ राज्यांची संमती हवी होती आणि छत्तिसावं टेनेसी ठरू शकत होतं. बाजूनं असलेल्यांच्या कोटावर पिवळा गुलाब, विरोधकांच्या कोटावर लाल. मुलांनी एकेकाचं फूल रंगवायचं. मधे तिथला आमदार हॅरी बर्न, वय २४. कोटावर लाल गुलाब, खिशात आईचं पत्र: बायकांच्या बाजूनं मत दे. आणि त्यानं तसंच दिलं! लेक लाल खडू हातात धरून थांबली. "मग मी याला कुठला रंग देऊ?" शेवटी फूल लाल ठेवलं आणि खिसा पिवळा केला. हे पान आम्ही नऊ वेळा छापलंय. पेटीतला पिवळा खडू केव्हाच संपला.

शेवटच्या पानाबद्दल मात्र तक्रार आहे. '१९२०मध्ये अमेरिकेतल्या सगळ्या स्त्रियांना मत मिळालं' असं ठळक अक्षरात छापलंय. सगळ्या कुठल्या? दक्षिणेतल्या बहुतेक काळ्या स्त्रियांना १९६५च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत या ना त्या युक्तीनं बाहेरच ठेवलं होतं. आमच्या न्यू जर्सीत तर १७७६पासून मालमत्ता असलेल्या एकट्या बायका मत देत होत्या, तो हक्क १८०७मध्ये काढून घेतला. मिळालेलं परत जातं, हे सहा वर्षांच्या पोरीला नीट कळतं, कारण तिचा आयपॅड दर आठवड्याला जातो.

उन्हाळ्यात आई पुण्याहून आली होती. ती शेजारी बसून मिरवणुकीचं पान रंगवायची. मुंबई प्रांतात १९२१मध्ये बायकांना मत मिळालं, तेही मालमत्तेची अट घालून, आणि त्यासाठी रमाबाई रानडे झटल्या, हे तिनं नातीला सांगितलं. लेकीनं लगेच मिरवणुकीत नऊवारीतली एक बाई काढली आणि मला विचारलं, हिला इथे मत देता येईल ना? त्या काळी नाही, असं मला म्हणावं लागलं. भारतातून आलेल्यांना अमेरिकेचं नागरिकत्व घेण्याची वाट कायद्यानं १९४६मध्ये मोकळी केली. "तरी ती चालते मिरवणुकीत," लेक म्हणाली आणि नऊवारीला हिरवा रंग देत बसली.

पाच वर्षांखालच्या मुलांना हा संच देऊ नका, फुलं रंगवतील पण गोष्ट निसटेल. सहा ते नऊ वयाला उत्तम, मात्र शेजारी बसून बोलणारं कोणीतरी हवं. शेवटच्या पानावरचं 'सगळ्या' आम्ही पेनानं खोडलंय. चेहऱ्यांची पानं छापूच नका, शाई वाचेल. आणि पिवळे खडू दोन आणा.