चौदा महिने वापरलेलं ईमेल होस्टिंग: मेल बरी होती, सपोर्टने वात आणला

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नंतर तीच कॉपी-पेस्ट माफी इथेही येऊन पडेल आणि मला ती परत वाचायची नाहीये. आमचं छोटं ऑफिस, स्वतःचं डोमेन, सहा मेलबॉक्स, दिवसाला फार तर पन्नास-साठ मेल बाहेर जातात. कोटेशन, बिलं, फॉलोअप, एवढंच. म्हणजे आम्ही काही न्यूजलेटरवाले नाही, हे आधीच सांगते कारण पुढे हाच प्रश्न मला सपोर्टने चार वेळा विचारलाय.

पहिले आठ-नऊ महिने खरंच काही तक्रार नव्हती. वेबमेल पटकन उघडायचं, मोबाईलवर सेटअप पाच मिनिटांत झाला, स्पॅम फिल्टर बऱ्यापैकी होता, जागाही भरपूर. तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी घ्या म्हणून सांगितलं असतं. आता कळतंय की तेवढे महिने मला सपोर्टची गरजच पडली नव्हती, म्हणून सगळं छान वाटत होतं.

मग एके दिवशी जीमेलवर पाठवलेली बिलं परत यायला लागली. सगळी नाही हां, तीच तर गंमत. चारातली एखादी परत यायची, बाकीच्या जायच्या, तीच मेल परत पाठवली की कधी कधी जायची. त्यामुळे आधी दोन दिवस आम्हाला वाटलं समोरच्याचाच काहीतरी प्रॉब्लेम असेल. बाऊन्स मेल, म्हणजे मेल परत आल्याची सूचना, नीट उघडून वाचली तर त्यात कोड होता ५५०-५.७.२६, आणि खाली चक्क लिहिलेलं की डीकेआयएम पास नाही, एसपीएफ पास नाही, आणि मेल कुठल्या आयपीवरून (म्हणजे सर्व्हरच्या नंबरी पत्त्यावरून) आली तो आयपी. म्हणजे रोग काय आहे ते गूगलनेच लिहून दिलेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एसपीएफ म्हणजे तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या सगळ्या नोंदी असतात तिथे) ठेवलेली एक यादी, की आमच्या नावाने मेल कुठले सर्व्हर पाठवू शकतात. डीकेआयएम म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरने मेलवर मारलेली डिजिटल सही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे या दोघांपैकी निदान एक तरी लागतंच, आणि दिवसाला पाच हजारांच्या वर पाठवणाऱ्यांना दोन्ही लागतात, वर डीमार्कही (या तपासण्या फसल्या तर मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद). आमच्या एसपीएफमध्ये होस्टिंगवाल्यांनी सांगितलेली इन्क्लूडची ओळ पहिल्या दिवसापासून होती. पण ती ओळ त्यांच्या यादीकडे बोट दाखवते, आणि त्या यादीत हा बाऊन्समधला आयपी नव्हताच. सरळ आहे, त्यांनी नवीन सर्व्हर लावला, यादीत टाकायचा विसरले, आणि त्यावर डीकेआयएमची सहीही चालू केली नाही. ज्या मेल त्या सर्व्हरवरून जायच्या त्या आपटायच्या, जुन्यावरून गेल्या की पोचायच्या.

हे सगळं मी तिकिटात, म्हणजे सपोर्टकडच्या तक्रारीत, लिहिलं. तीन बाऊन्स जोडले, आयपी लिहिला, यादीत तो नाहीये हेही लिहिलं. सहा तासांनी उत्तर आलं, कृपया ब्राउझरची कॅशे क्लिअर करून पासवर्ड बदलून बघा. मी आउटलुकवरून मेल पाठवते, ब्राउझरचा संबंध काय?

बरं, तरी शांतपणे परत लिहिलं. तर म्हणे स्क्रीनशॉट पाठवा. पूर्ण हेडर (मेल कुठून कशी आली ती तांत्रिक माहिती) टेक्स्टमध्ये दिलेला असताना त्याचा फोटो कशाला हवा देव जाणे, पण पाठवला. तिसरं उत्तर तिसऱ्या माणसाकडून, त्याने विचारलं तुम्ही बल्क मेल पाठवता का. चौथ्याने परत कॅशे. उशीर मी समजू शकते, माणसं कमी असतील, पण इथे उशीर हा प्रॉब्लेमच नव्हता, उत्तरं वेळेत यायची. फक्त वरचं कोणी वाचत नव्हतं. प्रत्येक नवीन माणूस तिकीट उघडणार, शेवटची ओळ बघणार आणि यादीतलं पहिलं उत्तर चिकटवून मोकळा होणार, आणि मी परत पहिल्यापासून हरिपाठ सुरू करणार.

मग तिकीट आपोआप बंद झालं. कारण काय तर अठ्ठेचाळीस तासांत ग्राहकाकडून प्रतिसाद नाही. मी तर उत्तराची वाट बघत बसलेले. तिकिटाला मी मुद्दाम माझा वैयक्तिक जीमेलचा पत्ता दिला होता (ऑफिसच्या मेलचीच तक्रार, तर तोच पत्ता कशाला द्यायचा), तिथे इनबॉक्समध्ये काहीच नाही. सहज स्पॅममध्ये डोकावले तर त्यांची दोन उत्तरं तिथे पडलेली. हेडर उघडला. तोच आयपी. एसपीएफ सॉफ्टफेल (म्हणजे हा सर्व्हर बहुधा यादीतला नाही), डीकेआयएम नाही. म्हणजे सपोर्टची स्वतःची मेल त्याच सर्व्हरवरून निघून स्पॅममध्ये जाऊन पडत होती आणि ते मला म्हणत होते आमच्या बाजूने सगळं ठीक आहे. मी एकटीच ऑफिसमध्ये हसत बसले, खरं सांगते. आणि किती उत्तरं मुळात पोचलीच नसतील त्याचा तर हिशोबच नाही.

त्यांचाच तो हेडर त्यांनाच पाठवला. उत्तर: आम्ही हे सीनिअर टीमकडे एस्कलेट केलं आहे. पुढचे नऊ दिवस हेच वाक्य, फक्त खालचं नाव बदलायचं.

एक माणूस मात्र चांगला भेटला, ते लिहायलाच हवं. रात्री उशिरा चॅटवर आलेला. त्याने पहिल्याच मेसेजमध्ये लिहिलं की हेडर पाहिला, तुमचं बरोबर आहे, हा सर्व्हर आमच्या यादीत नाहीये, पण ते बदलायचे अधिकार माझ्याकडे नाहीत. तोवर तुमच्या एसपीएफमध्ये हा आयपी तुम्हीच टाका. सात मिनिटांत संपलं सगळं. दुसऱ्या दिवशी तोच हवा म्हणून विचारलं तर म्हणे ठरावीक एजंट मागता येत नाही. ज्याला कळतं त्याच्या हातात काही नाही आणि ज्यांच्या हातात आहे ते चॅटवर येत नाहीत, अशी एकूण व्यवस्था.

आयपी मी टाकला, टीटीएल (जुनी डीएनएस नोंद इतरांकडे किती सेकंद लक्षात राहते तो आकडा) ३६०० होता म्हणून तासाभर थांबले, आणि बाऊन्स बंद झाले. कोणावर हीच वेळ आली तर दोन गोष्टी सांभाळा. आहे त्याच एसपीएफ ओळीत आयपी घाला, दुसरी वेगळी ओळ बनवू नका, एका डोमेनला दोन एसपीएफ झाले की दोन्ही बाद, पर्मएरर (कायमची चूक) येतो. आणि इन्क्लूड वाढवत बसू नका, एसपीएफ तपासताना डीएनएस लुकअपची, म्हणजे डीएनएसला विचारायच्या प्रश्नांची, मर्यादा दहाची आहे, थेट आयपी लिहिला तर तो त्यात मोजला जात नाही. मला हे सपोर्टने सांगायला हवं होतं ना? माझं मीच शोधलं.

त्यांनी त्यांची यादी दुरुस्त केली ती साधारण अजून दोन आठवड्यांनी. कळवलं नाही. मीच रोज तपासत होते म्हणून समजलं. तिकीट तेव्हाही "प्रक्रियेत" होतं.

तेव्हाच ठरवलं, बस. एक बरं की डोमेन मी पहिल्यापासून दुसरीकडे ठेवलेलं, त्यामुळे निघताना त्यांच्या पाया पडावं लागलं नाही. डोमेन आणि मेल एकाच घरात असतं तर डीएनएस बदलायलाही त्यांनाच तिकीट टाकावं लागलं असतं, या विचारानेच घाम फुटतो. नवीनकडे जायच्या आदल्या दिवशी एमएक्सचा (आपली मेल कुठल्या सर्व्हरवर यायची ते सांगणाऱ्या डीएनएस नोंदीचा) टीटीएल ३०० वर आणला, शनिवारी रात्री एमएक्स फिरवला, जुनी मेल आयमॅपसिंकने (एका सर्व्हरवरची मेल दुसऱ्यावर नेणाऱ्या टूलने) ओढून घेतली, सहा मेलबॉक्सना रविवार दुपारपर्यंतचा वेळ लागला. जुनं खातं लगेच बंद केलं नाही, कारण कोणाच्या तरी सर्व्हरला जुना एमएक्स आठवत असतो आणि मेल तिकडेच जाते. तशा चार मेल सापडल्यादेखील, त्यातली एक पेमेंटची.

नवीन ठिकाणी पैसे भरायच्या आधी यावेळी मुद्दाम एक अवघड प्रश्न तिकिटात टाकून बघितला, दोन भागांचा. दोन्ही भागांची उत्तरं आली, आणि दुसऱ्या भागात माझंच एक चुकलेलं होतं तेही त्यांनी दाखवलं. तेवढ्यावर घेतलं. वेबमेल जुन्यापेक्षा हळू आहे, चालतंय.

आयमॅपने फक्त मेल येते हे मात्र विसरले होते. कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर वेगळे एक्स्पोर्ट करून आणले, फिल्टर तर हातानेच परत बनवायला लागले. अकाउंट्सवालीचे दोन अजून राहिलेत.