दीवचं दुमजली हॉटेल: बांधणी फक्कड, देखभाल यथातथा

मी बडोद्याच्या दांडिया बाजारातला; बांधकामाच्या साइटवर केस पिकले. हॉटेलात शिरलो की आधी भिंती बघतो, मेनू नंतर.

नागवा बीचजवळच्या या हॉटेलात तळमजला आणि वर फक्त एक मजला. गावाबाहेरच्या किनाऱ्यावर रिसॉर्ट बांधायचं तर सीआरझेडच्या (किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या सरकारी नियमांच्या) २०११ च्या अधिसूचनेत तेवढीच परवानगी होती: दोन मजले, उंची ९ मीटरपर्यंत. बिल्डर यावर बोटं मोडतात. इथल्या आर्किटेक्टने मात्र त्याचं सोनं केलंय. खोल्यांची रांग समुद्राला जरा तिरकी, त्यामुळे प्रत्येक खोलीत वारा थेट येतो आणि मागच्या झरोक्यातून निघून जातो. भर दुपारी एसी बंद ठेवून झोपलो. व्हरांडा एवढा खोल की ऊन उंबऱ्यापाशी पोचतच नाही. होकाची (फांद्या फुटणाऱ्या ताडाची) झाडं तोडलेली नाहीत, पॅसेजच त्यांना वळसा घालून जातो. शाब्बास!

पण छज्जाखाली तपकिरी ओघळ आणि सळईच्या रेषेत सरळ तडा दिसला. खारी हवा आत शिरली की सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. खराब भाग फोडून सळई साफ करायला हवी. मॅनेजर म्हणाला, "अंकल, दर दिवाळीला रंग मारतो ना!" बायको म्हणाली, "तुम्ही सुट्टीवर आलात की बिल पास करायला?"

बिजागऱ्याही साध्या लोखंडी, रात्रभर कुरकुरतात. जेवण ठीक.

खोली वरचीच मागा. खालच्या खोल्यांसमोरून स्विमिंग पूलवर जाणाऱ्यांची वरात चालू असते, पडदा उघडायची सोय नाही.