क्रूझवरून एफेसस: आमचे तास कसे लुबाडले गेले

ग्रीसच्या बेटांची क्रूझ घेतली की बऱ्याचदा तुर्कस्तानातलं कुशादासी बंदरही त्यात येतं. तिथे उतरणारी बहुतेक माणसं एफेसस या प्राचीन शहराचे अवशेष बघायला जातात. बंदरापासून साधारण २० किलोमीटर. जहाज थांबतं काही तासच, आणि स्वतःहून फिरायला गेलेल्या कोणासाठी न थांबता ठरलेल्या वेळेला निघतं. बंदराच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या दलालांना हे तुमच्यापेक्षा जास्त नीट ठाऊक असतं. आमची सगळी फसवणूक या एका गोष्टीवर उभी होती, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही चौघं होतो: मी, नवरा, सासूबाई आणि जाऊबाई. जहाजाची स्वतःची सहल महाग वाटली म्हणून फाटकाबाहेर एका व्हॅनवाल्याशी बोलणी केली. इंग्रजी उत्तम, वागणं अदबीचं, सासूबाईंना हात देऊन गाडीत बसवलं. ठरलं ते असं: आर्टेमिस या ग्रीक देवीच्या मंदिराची जागा, मग एफेसस, तिथली टेरेस हाउसेस म्हणजे उतारावरची जुनी रोमन घरं, सोबत सरकारी परवान्याचा गाइड आणि दुकान एकही नाही. व्हॅनचे वेगळे, शिवाय तिकिटांचे म्हणून माणशी ६० युरो रोख घेतले. 'दोन्ही तिकिटं आणि रांगेत थांबायचं नाही', असं सांगून.

गाडी थेट एका गालिच्यांच्या इमारतीसमोर थांबली. "आत्ता फाटकावर मोठ्या बसची गर्दी असेल. ती ओसरू द्या, तोवर स्वच्छतागृह वापरून घ्या," म्हणाला. ऐकायला अगदी पटण्यासारखं. आत गेलो तर सफरचंदाचा चहा आला, रेशमाच्या कोशातून धागा काढून दाखवला, मागावर बसलेल्या बाईंनी गाठ मारून दाखवली. हे सगळं बघण्यासारखं आहे, नाही म्हणत नाही. पण मग आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि एकामागून एक गालिचे पायाशी उलगडायला सुरुवात झाली. नवरा बाहेर बघून आला तर व्हॅन जागेवर नाही. "ड्रायव्हर पेट्रोल भरायला गेलाय, येईलच." आम्ही विकत घेईपर्यंत तो येणार नव्हता. शेवटी जाऊबाईंनी एक लहान रेशमी गालिचा कार्डावर घेतला, आणि पाच मिनिटांत व्हॅन दारात हजर झाली. दीड तासाहून जास्त वेळ तिथेच गेला होता.

आर्टेमिसचं मंदिर प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. आज तिथे दलदलीत तुकडे जोडून उभा केलेला एकच खांब आहे. तो बघायला वेळ लागत नाही आणि तिथे तिकीटही नाही. पण तिथे उतरल्याबरोबर एक म्हातारा नाणी घेऊन जवळ आला. "माझ्या शेतात सापडली." एका बाजूला मधमाशी, दुसऱ्या बाजूला हरीण. एफेससच्या जुन्या नाण्यांवर खरोखरच ही चिन्हं असतात, म्हणून थोडं वाचून आलेला माणूस इथे चटकन भुलतो. नवऱ्याने विचारलं तर आमचा व्हॅनवालाच म्हणाला, "घ्या, अस्सल आहे, मी ओळखतो याला." तुर्कस्तानात १९८३ पासून कायदा आहे: जमिनीत सापडलेली पुरातन वस्तू सरकारची, आणि ती देशाबाहेर नेणं हा गुन्हा, त्याला तुरुंगवास आहे. म्हणजे नाणं नकली असेल तर पैसे गेले, आणि अस्सल असेल तर देशाबाहेर पडताना तुम्ही पकडले गेलात. आम्ही घेतलं नाही. पण त्या क्षणी त्या माणसावरचा विश्वास उडाला. दुर्दैवाने तोवर पैसे त्याच्या खिशात होते.

एफेससला दोन प्रवेशद्वारं आहेत. वरून शिरायचं, उतारावरून चालत खाली बाहेर पडायचं, ही नेहमीची पद्धत. त्याने वर सोडलं, हातात चार तिकिटं दिली. गाइड? "आत सगळीकडे पाट्या आहेत, गाइडची गरज नाही." टेरेस हाउसेस? "दुरुस्तीसाठी बंद आहेत." तिकीट खिडकीवरच्या पाटीवर एफेससचे ४० युरो आणि टेरेस हाउसेसचे वेगळे १५ युरो लिहिलेले मी स्वतः वाचले. आमच्या हातात फक्त ४० वालं होतं. माणशी २० युरो तिथेच गेले.

क्युरेटिस रस्त्याने उतरताना सेल्ससच्या ग्रंथालयाची दर्शनी भिंत समोर येते तेव्हा मात्र सगळं विसरायला होतं. दुसऱ्या शतकात एका मुलाने वडिलांच्या स्मरणार्थ बांधलेली इमारत, वडिलांची कबरही तिच्याच खाली. पडलेल्या दगडांतून ती दुमजली भिंत १९७० ते १९७८ या काळात ऑस्ट्रियन तज्ज्ञांनी पुन्हा उभी केली. सासूबाई तिथल्या पायरीवर टेकल्या, आणि एवढ्यात आम्हाला दिसलं की बाजूच्या छपराखाली लोक रांगेने शिरताहेत. टेरेस हाउसेस उघडी होती! दुसऱ्या गटाबरोबर एक गाइड होत्या, गळ्यात पर्यटन मंत्रालयाचं ओळखपत्र. त्यांनी सांगितलं की ती बंद वगैरे काही नाहीत, आत श्रीमंत रोमन घरांची भित्तिचित्रं आणि मोझेक आहेत, आणि निवांत बघायला तास लागतो. व्हॅनवाल्याला आम्हाला तो तास मिळू द्यायचा नव्हता, म्हणून ती 'बंद' होती.

तिकीट काढून आत जाऊ असं ठरवलं तेवढ्यात व्हॅनवाला स्वतः धापा टाकत आला. मनगटावरचं घड्याळ दाखवलं: एक वाजून गेला होता. जहाजावर परतायची वेळ दीडची. नेटवर्क बंद ठेवलेल्या माझ्या फोनवर बारा वाजून गेलेले दिसत होते. "तुमचा फोन चुकतोय, कोणालाही विचारा!" शेजारच्या माणसाला विचारलं, त्याच्याही घड्याळात एक वाजून गेलेला. सासूबाईंचे गुडघे दुखत असताना आम्ही त्यांना जवळजवळ ओढत खाली आणलं. सुमारे २५,००० माणसांचं ते प्रचंड नाट्यगृह आम्ही चालता चालता डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं.

बंदरावर पोचलो तर रक्षक शांतपणे म्हणाला, तुमच्या जहाजाला अजून तासभर आहे. तुर्कस्तानने २०१६ पासून घड्याळं मागेपुढे करणं सोडलं आहे. उन्हाळ्यात ग्रीसची आणि तुर्कस्तानची वेळ एकच असते, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर ग्रीस एक तास मागे जातं. आम्ही नोव्हेंबरात गेलो होतो, आणि आमचं जहाज, तसाच माझा फोनही, ग्रीसच्या वेळेवर चालत होता. रोज जहाजांवर पोट असलेल्या माणसाला हे माहीत नसणं शक्यच नाही. आम्ही उतरत होतो तोवर दुसरं कुटुंब त्याच व्हॅनमध्ये चढत होतं. त्यांना मी ओरडून सांगितलं, पण त्याने दार ओढून घेतलं.

वेळेच्या या फसवणुकीचा राग मला अजून आहे. गालिच्यापेक्षाही याचाच जास्त.

गालिच्याचं असं झालं. खऱ्या हातविणीच्या गालिच्याची झालर म्हणजे त्याचेच उभे धागे असतात, विणीतून सरळ बाहेर आलेले. जाऊबाईंच्या गालिच्याची झालर मागून शिवलेली निघाली, म्हणजे तो यंत्रावरचा. गालिच्याच्या वरच्या बाजूचा एक धागा जाळून पाहिला. रेशीम जळालं की केस जळल्यासारखा वास येतो. याला जळक्या कागदाचा आला. सुताला चकाकी आणून रेशीम म्हणून विकतात, त्यातला प्रकार. बँकेकडे तक्रार केली. त्यांनी पावती मागितली. पावतीवर फक्त 'गालिचा' आणि रक्कम. रेशीम नाही, हातविणीचा नाही. सांगितलं एक आणि दिलं दुसरं, हे दाखवायला आमच्याकडे कागदच नव्हता, त्यामुळे पैसे परत आले नाहीत.

कुशादासीत उतरणार असाल तर जहाजावर रोज मिळणाऱ्या पत्रकाचा फोटो काढून ठेवा. त्यावर परतायची वेळ असते आणि जहाजाची घड्याळं कोणत्या वेळेवर आहेत तेही. एफेससचं तिकीट स्वतः खिडकीवर काढा. गाइड घेणार असाल तर गळ्यातलं ओळखपत्र आधी बघा. व्हॅनचे पूर्ण पैसे परत बंदरावर आल्यावरच द्या, म्हणजे मधेच व्हॅन गायब होणार नाही. जहाजाची सहल महाग असते खरी, पण तिला उशीर झाला तर जहाज थांबतं. सोबत वयस्क माणूस असेल तर मी आता तीच घेईन. आणि गालिचा खरंच आवडला तर जरूर घ्या, चांगले गालिचे तिथे नक्कीच मिळतात. पण पावतीवर 'हातविणीचा', 'शुद्ध रेशीम' हे शब्द लिहून, सहीशिक्क्यासह घ्या. लिहायला दुकानदार टाळाटाळ करू लागला, तर कार्ड बाहेर काढू नका.