स्तोत्र 119, रोज एक कडवं: काही महिने वापरल्यावर काय टिकलं, काय खटकलं

बायबलमधल्या स्तोत्र 119 ची ओळख इथे करून देत नाही. 176 ओव्या, 22 कडवी, प्रत्येकी आठ ओव्या, डोक्यावर आलेफ, बेथ, गिमेल अशी हिब्रू अक्षरं, हे बायबल उघडणाऱ्याला माहीत असतंच. लॅटिन बायबलचा क्रम पाळणाऱ्या जुन्या कॅथलिक पुस्तकात हेच स्तोत्र 118 क्रमांकाने सापडतं, तेवढं लक्षात असू द्या. प्रश्न एवढाच: एकांतातल्या प्रार्थनेला याचा आधार घेतला तर ते महिनोन्महिने चालतं का? चालतं. पण ज्या पद्धतीने ते वापरायला सांगतात त्या पद्धतीने नाही.

मूळ तक्रार तक्त्यांबद्दल आहे. ‘महिनाभर स्तोत्र 119’ असे तक्ते फिरत असतात, काही फुकट, काही गुळगुळीत कागदावरच्या प्रार्थना-डायरीत घालून चांगल्या किमतीला विकलेले. 1 तारखेला आलेफ, 2 ला बेथ, असं करत 22 ला ताव, म्हणजे शेवटचं अक्षर. आणि मग? तीसचा महिना धरला तर आठ दिवस उरतात. त्या आठ चौकटींत कुणी ‘उजळणी’ लिहितं, कुणी दुसरीच स्तोत्रं भरतं, कुणी ‘मनन’ लिहून मोकळं होतं. व्हायचं ते होतंच. 23 तारखेला प्रार्थना थांबते, 1 तारखेची वाट बघितली जाते, आणि मधल्या आठवड्यात लागलेली सवय मोडते. डायरीला पैसे मोजूनही महिन्याचा चौथा हिस्सा मोकळाच जातो.

आठवड्याचा तक्ताही हिशेबात बसत नाही. रोज तीन कडवी घेतली तर सात दिवसांत 21 होतात, एक उरतं. मग बिचाऱ्या तावला रविवारी चौथं म्हणून कोंबतात, म्हणजे ज्या सकाळी चर्चची घाई असते त्याच सकाळी सगळ्यात जास्त वाचन. शिवाय तीन कडवी म्हणजे 24 ओव्या. तेवढ्या घेतल्या की वाचन होतं, प्रार्थना होत नाही.

एवढ्यावरून 22 हा आकडाच या स्तोत्राचा मोठा दोष वाटू लागतो. पहिल्या फेरीत माझंही हेच मत होतं. तारखा सोडून दिल्या की मात्र चित्र उलटतं. बायबलमध्ये खूण ठेवायची आणि रोज पुढचं कडवं घ्यायचं. ताव झालं की दुसऱ्या दिवशी पुन्हा आलेफ, तारीख कोणतीही असो. 22 दिवस म्हणजे तीन आठवडे आणि एक दिवस. आलेफ या फेरीत सोमवारी आलं तर पुढच्या फेरीत मंगळवारी, त्यापुढच्या फेरीत बुधवारी. सात फेऱ्यांत, म्हणजे 154 दिवसांत, प्रत्येक कडवं आठवड्याच्या प्रत्येक वारी एकदा येऊन जातं. सोमवारच्या लोकलच्या घाईत अंगावरून गेलेलं कडवं पुढे कधीतरी रविवारी दुपारी निवांत हातात येतं. कोणत्याही तक्त्याने इतकी चोख फिरती पाळी लावली नसती. एखादा दिवस चुकला तर खूण आहे तिथेच राहते, ‘मागचं भरून काढणं’ नावाची भानगड नाही. चुकलेली कडवी दुसऱ्या दिवशी दोन-दोन करून उरकणं हा ही सवय मोडण्याचा हमखास मार्ग आहे. म्हणून 22 बद्दलची तक्रार मागे. तक्त्यांबद्दलची तशीच कायम.

जुन्या मठवासीयांनी हा हिशेब फार पूर्वीच सोडवला होता. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत हे स्तोत्र रविवार-सोमवारात वाटलेलं आहे: रविवारी पहिल्या प्रहराला चार कडवी, पुढच्या तीन प्रार्थनावेळांना तीन-तीन, आणि सोमवारी त्याच तीन वेळांना उरलेली नऊ. 4, 9 आणि 9, बरोबर 22. अँग्लिकनांच्या, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, 1662 च्या प्रार्थना-पुस्तकात सगळी स्तोत्रं 30 दिवसांत वाटली आहेत. त्यात 119 हे 24 तारखेच्या संध्याकाळपासून 26 च्या संध्याकाळपर्यंत पाच तुकड्यांत येतं. दोन्ही वाटण्या समुदायाच्या उपासनेसाठी उत्तम. नोकरी, डबा, पाण्याची वेळ सांभाळणाऱ्या एकट्या माणसाने त्या उचलू नयेत.

आता प्रत्यक्ष वापर. कडवं मोठ्याने, सावकाश वाचायचं. दीड-दोन मिनिटं पुरतात. मनात वाचलं तर डोळे ओळी गाळतात, कारण ओव्या एकमेकींसारख्या दिसतात. दुसऱ्या वाचनात हातात पेन्सिल हवी. ज्या शब्दात देवाकडे काही मागितलंय त्याखाली रेघ: शिकव, उघड, वळव, राख, नवजीवन दे. मग रेघ मारलेली एकच ओवी घ्यायची आणि तिला आजची एकच गोष्ट जोडायची. ‘कुटुंबाला आशीर्वाद दे’ इतकं मोघम नको. 37 व्या ओवीत निरर्थक गोष्टींवरून डोळे वळवण्याची विनंती आहे; तिथे रात्री अकरानंतरचा मोबाइल असं स्पष्ट म्हणायचं. 36 व्या ओवीत लोभाकडे मन न वळण्याची विनंती आहे. तिथे ज्या व्यवहारात हात आखडतो किंवा पसरतो तो व्यवहार नाव घेऊन ठेवायचा. नंतर दोन-तीन मिनिटं गप्प बसायचं, आणि शेवटी तेच कडवं पुन्हा एकदा वाचायचं. सगळं मिळून पंधरा मिनिटं. शेवटचं वाचन गाळू नये. पहिल्या वाचनात न दिसलेली ओळ बहुतेक वेळा तेव्हाच दिसते.

हे स्तोत्र प्रार्थनेला सोपं जातं याचं साधं कारण त्याच्या रचनेत आहे. पहिल्या तीन ओव्या देवाविषयी बोलतात, 115 वी दुष्कर्म्यांना दूर व्हायला सांगते, बाकी सगळं स्तोत्र थेट देवाशी ‘तू’ म्हणून बोलतं. दुसऱ्या कित्येक स्तोत्रांत मध्येच मंडळीला हाक असते, इतिहास असतो, राजा असतो. तिथे वाक्य फिरवून आपलं करावं लागतं. इथे वाक्य तयार आहे, फक्त आपली गोष्ट घालायची.

कडव्यांची जात वेगवेगळी आहे आणि ती ओळखली नाही तर पेन्सिलीची रीत अडते. ‘हे’ या अक्षराचं कडवं (33–40) म्हणजे मागण्यांची रांगच, जवळजवळ प्रत्येक ओवीत विनंती. सुरुवात करणाऱ्याने आलेफऐवजी इथूनच करावी, असं माझं स्पष्ट मत. उलट मेम (97–104) आणि शीन (161–168) यांत एकही मागणी नाही. पेन्सिल घेऊन बसणारा तिथे हमखास गोंधळतो आणि ओढूनताणून काहीतरी मागतो. मागू नये. त्या दोन दिवशी फक्त आवडीचं, आनंदाचं बोलावं. शीनमध्ये दिवसातून सात वेळा स्तवन केल्याचा उल्लेख आहे (164). त्या दिवशी सात छोटे आभार मोजून मानले तरी कडवं वसूल. दालेथ (25–32) धुळीला चिकटलेल्या जिवाचं आहे. काफ (81–88) सगळ्यात काळोखं: वाट पाहून थकलेले डोळे, धुरात ठेवलेला बुधला (कातडी पिशवी), ‘कधी?’ हा प्रश्न. त्याची शेवटची 88 वी ओवी म्हणजे बरोबर निम्मं स्तोत्र. पुढच्याच दिवशी लामेद देवाचं वचन स्वर्गात स्थिर असल्याच्या घोषणेने सुरू होतं. म्हणून काफच्या दिवशी मन बरं असेल तरी ते टाळायचं नाही, आणि मन वाईट असेल तर लामेदवर उडी मारायची नाही. बरं असलेल्या दिवशी काफ दुसऱ्या कुणासाठी म्हणावं. दवाखान्यात, कोर्टात किंवा नोकरीच्या रांगेत अडकलेलं कुणी ना कुणी ओळखीचं असतंच.

‘नवजीवन दे’ ही मागणी संपूर्ण स्तोत्रात नऊ वेळा येते: 25, 37, 40, 88, 107, 149, 154, 156, 159. शेवटच्या तीन एकट्या रेश कडव्यात आहेत. अगदी थकलेल्या दिवशी, पंधरा मिनिटंही जमणार नसतील तेव्हा, या नऊ ओव्या क्रमाने वाचाव्यात. त्याला तीन मिनिटं लागतात आणि तो दिवस कोरा जात नाही.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. पहिली म्हणजे गर्विष्ठांची ओवी. 21, 51, 69, 78, 85, 122 या ठिकाणी गर्विष्ठ लोक येतात, आणि 78 मध्ये त्यांच्या फजितीची मागणी आहे. इथे सोसायटीच्या चेअरमनचं किंवा जावेचं नाव घालण्याचा मोह प्रत्येकाला होतो. नाव आतल्या आत येणारच, ते दाबून ठेवू नये. पण त्याच ओवीचा उरलेला अर्धा भागही वाचावा, जिथे स्तोत्रकर्ता सूड स्वतः न घेता मननाकडे वळतो. नाव देवाकडे द्यायचं आणि पुढची ओवी घ्यायची. त्यावर दहा मिनिटं रेंगाळलं की प्रार्थना संपून फिर्याद सुरू होते.

दुसरी म्हणजे आढ्यतेच्या ओव्या. 99 मध्ये आपल्या सर्व शिक्षकांपेक्षा अधिक समज असल्याचा दावा आहे, 100 मध्ये वयोवृद्धांपेक्षा. या तोंडाने म्हणवत नाहीत. उपाय स्तोत्रातच शेवटी ठेवलाय: 176 वी ओवी, हरवलेल्या मेंढरासारखा भटकलोय, तुझ्या दासाला शोध. 99–100 म्हटल्या की लगेच 176 म्हणायची, मग तोल राहतो.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. पापकबुली या स्तोत्रात फार थोडी आहे. फक्त 119 वर महिनोन्महिने राहिलं तर कबुलीची सवय सुटते, आणि ते बराच काळ लक्षातही येत नाही. यासाठी फेरीत एक पाहुणं कडवं घालावं. स्तोत्र 130 नेमकं आठ ओव्यांचं आहे, मापात बसतं. ताव आणि नव्या आलेफच्या मध्ये ते घातलं की फेरी 23 दिवसांची होते, वार मग दोन-दोन दिवसांनी सरकतात आणि सात फेऱ्यांत तरीही सगळे वार पुरे होतात. मोठं ओझं असेल तर स्तोत्र 51 घ्या, पण ते लांब आहे, त्या दिवशी वेळ काढून ठेवा.

मध्यस्थीसाठीही जागा कमी आहे, सगळं ‘मी’ आणि ‘माझं’. 63, 74 आणि 79 मध्ये तुझं भय धरणारे इतर लोक येतात. मंडळीतल्या आजाऱ्यांची, पाळकांची, घरच्यांची नावं या तीन ठिकाणी घ्यावीत.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1539 मध्ये आपल्या जर्मन लेखनाच्या प्रस्तावनेत याच स्तोत्रातून तीन नियम काढले होते: प्रार्थना, मनन आणि कसोटी. तो हे स्तोत्र दावीदाचं समजून बोलतो, प्रत्यक्षात याला कोणाचंच नाव जोडलेलं नाही. ते असो. तिसरा नियम वापरताना पटतो. ज्या कडव्यात रेघ मारून काही मागितलं त्याची परीक्षा त्याच दिवशी बाहेर होते, आणि पुढच्या फेरीत तीच ओवी वेगळी लागते.

दिवसाला एकच ओवी, 176 दिवस, असंही सुचवलं जातं. सुचवणाऱ्यांना नमस्कार, पण नको. पुष्कळ ओव्या शेजारणीशिवाय अर्धवट राहतात, आणि काफसारख्या कडव्यात आठ दिवस अडकून पडणं जड मनाच्या माणसाला झेपत नाही.

खर्चाचं म्हणाल तर शंभर पानी वही पुरते. प्रत्येक कडव्याला समोरासमोरची दोन पानं, म्हणजे 44 पानं. डाव्या पानावर आठ ओव्या हाताने उतरवा. छापील झेरॉक्स चिकटवू नका, उतरवताना अर्धी ओळख होते. उजव्या पानावर सात रेघा आखा, प्रत्येक फेरीला एक: तारीख, ओवीचा आकडा आणि मागितलेली गोष्ट पाच-सहा शब्दांत. 130 ला आणखी दोन पानं. उरलेल्या पानांवर दुसऱ्या सात फेऱ्यांच्या रेघा बसतात. पेन शाईचं नको, पावसाळ्यात दमट कपाटात पानं एकमेकांना चिकटतात आणि मागच्या फेरीची नोंद वाचता येत नाही.