भंगारात दिलेली गाडी घोटीच्या टोलनाक्यावर

१९ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी साडेनऊच्या सुमारास मी पोहे परतत होते, तेवढ्यात फास्टॅगचा मेसेज आला. घोटी टोलनाक्यावर टोल कापला गेला होता आणि मेसेजमधला नंबर आमच्याच गाडीचा होता. सव्वा तासानं दुसरा मेसेज आला, पडघ्याचा. म्हणजे गाडी घाट उतरून मुंबईच्या दिशेनं चालली होती.

ही गाडी मी तीन महिन्यांपूर्वी भंगारात दिली होती. तोडायला. माझ्या हिशेबानं तोवर तिचा पत्रा वितळून गेला असायला हवा होता.

आज हे सगळं लिहून काढतेय ते जुनी गाडी दारात उभी असलेल्यांसाठी. माझी केस अजून संपलेली नाही, म्हणून कुणाचं नाव घेत नाही. पण जे घडलं ते जसंच्या तसं सांगते.

गाडी २००८ सालची वॅगनआर. नवीकोरी घेतलेली, कर्ज माझ्या पगारावर काढलेलं, म्हणून नावावरही माझ्याच. मुलीची दहावी-बारावी, सासूबाईंचं ऑपरेशन, दर मे महिन्यात कोकण, सगळं तिच्यातच झालं. २०२३ मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा आम्ही हौसेनं पत्र्याचं काम करून घेतलं, पाच हजारांची फी आणि वर ग्रीन टॅक्स भरला आणि गाडी पुन्हा पास करून आणली. आरसीवर २०२८ पर्यंतची मुदत आली. ही मुदत ध्यानात ठेवा, पुढे तिचाच घोळ झाला.

ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईहून नाशिकला परत येताना कसारा घाटात गाडी तापली. काटा लाल रेषेवर गेला होता, पण घाटात थांबायला जागा नाही म्हणून ह्यांनी तशीच वर आणली. तिथंच इंजिन गेलं. आमचे मिस्त्री पंधरा वर्षांपासूनचे, उगाच बिल फुगवणारे नाहीत. त्यांनी इंजिनचं हेड काढून दाखवलं. बारीक केसासारखी चीर होती. शिवाय क्लच प्लेट, रेडिएटर, खालचे आर्म आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा सडलेला पत्रा. सगळं मिळून चौसष्ट हजार. ‘मॅडम, गाडीची किंमतच आता तेवढी राहिली नाही,’ ते म्हणाले, आणि मलाही ते पटलं.

गाडी दोन महिने बिल्डिंगखाली उभी राहिली. मध्ये सप्टेंबरात विमा संपला. उभ्या गाडीचा विमा कशाला भरायचा, म्हणून भरला नाही.

सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्राला मी फोन केला होता, हे मुद्दाम सांगते. माहिती नसल्यामुळे मी फसले असं नाही. त्यांनी सतरा हजार सांगितले. मूळ आरसी जमा करायची, आधीचे चलान भरून टाकायचे, पैसे बँक खात्यात येणार. त्याच आठवड्यात वायपरखाली एक कार्ड अडकवलेलं सापडलं: जुन्या, बंद गाड्या घेतो, घरी येऊन, रोख. त्या माणसानं फोनवर सव्वीस हजार सांगितले. नऊ हजारांचा फरक. बंद पडलेल्या गाडीला हा माणूस केंद्रापेक्षा नऊ हजार जास्त का देतोय, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तेव्हा फक्त दिवाळी तोंडावर आलेली दिसत होती.

तो आला टोइंगची गाडी आणि एक पोरगा घेऊन. बोलायला अतिशय गोड, प्रत्येक वाक्यात ताई. बॉनेट उघडलं, पण इंजिनकडे त्यानं धड पाहिलंच नाही. ओलं फडकं मागून घेतलं, चॅसी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर, स्वच्छ पुसला आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढला. मग आरसी हातात घेऊन उजेडाकडे धरली आणि विचारलं, ‘पासिंग अठ्ठावीसपर्यंत आहे ना, ताई?’

मी ‘हो’ म्हणाले. वर अभिमानानं सांगितलं की मागच्याच वर्षी करून आणलीय.

तोडायच्या गाडीला पासिंग किती सालापर्यंत आहे, याच्याशी भंगारवाल्याचं काय देणंघेणं? तो एक प्रश्न मी तेव्हा उलटून विचारला असता तर आज ठाण्याला कोर्टाच्या फेऱ्या मारत नसते.

मग त्यानं फॉर्म काढले. २९ नंबरच्या दोन प्रती आणि एक ३० नंबर. ‘आरटीओत आरसी कॅन्सल करायला लागतात, ताई. बाकी मी भरून घेतो, तुम्ही फक्त सह्या करा.’ मी कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या. आधार आणि पॅनच्या झेरॉक्सवरही केल्या, कशासाठी देतेय ते न लिहिता. आरसी दिली, दोन्ही चाव्या दिल्या. पैसे द्यायच्या वेळी इंजिन जाम आहे म्हणून पाच हजार कमी झाले. उरलेल्या एकवीसपैकी पंधरा रोख हातात दिले आणि सहा हजार ‘कॅन्सलचा कागद आणून देतो तेव्हा’. पावती मागितली तर म्हणाला, ‘भंगाराची कसली पावती, माझा नंबर आहे ना तुमच्याकडे.’ खरंच, त्याच्याबद्दल माझ्याकडे तेवढंच होतं. एक मोबाइल नंबर.

गाडी टोइंगवर चढली तेव्हा मुलीनं काढलेला फोटो आहे. मागच्या काचेवर तिनं शाळेत असताना चिकटवलेलं पिवळं फुलपाखरू त्यात दिसतं.

आता आधी फॉर्मचं सांगते, कारण बहुतेकांना हे माहीत नसतं. २९ आणि ३०, ज्यांना एजंट लोक टीटी फॉर्म म्हणतात, ते गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे फॉर्म आहेत. २९ म्हणजे मी गाडी विकली अशी मालकानं द्यायची सूचना आणि ३० म्हणजे नावावर करून घेण्याचा अर्ज. गाडी तोडायची असेल तर त्यांची गरजच नाही. नोंदणी रद्द करण्याची वाट वेगळी आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ ची. सरकारमान्य केंद्रात गाडी दिली की आधी ते गाडी जमा झाल्याचं प्रमाणपत्र देतात आणि तोडल्यावर तोडल्याचं. त्यात चॅसी नंबरचा तुकडा कापून काढला जातो. म्हणजे भंगारात घेतो म्हणणारा माणूस टीटी फॉर्मवर सही मागतो, त्याच क्षणी तो खोटं बोलतोय हे उघड होतं. हे मला आमच्या मिस्त्रींनी सांगितलं. पण उशिरा, कारण मी त्यांना उशिरा विचारलं.

टोलचा मेसेज आल्यावर मी लगेच त्याला फोन केला. उचलला. शांतपणे म्हणाला, ‘ताई, काचेवरचा टॅग पोरांनी काढून दुसऱ्या गाडीला लावला असणार. तुम्ही बंद करून टाका.’ मी फास्टॅग बंद केला. टोलच्या थोड्याशा पैशांचा प्रश्न मिटला असं समजून गप्प बसले. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त टोचतं ते हे. गाडी रस्त्यावर आहे, हे मला त्या दिवशी कळलं होतं. त्याच दुपारी पोलिसांत आणि आरटीओत लेखी अर्ज दिला असता तर निदान तारखेनिशी माझ्या हातात कागद असता. मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, कारण तो ठेवणं सोपं होतं.

फेब्रुवारीत दोन ई-चलान आले, वेगाचं आणि सीटबेल्टचं. चलानसोबत फोटो येतो. तो मोठा करून पाहिला. टॅग दुसऱ्या गाडीला लावला असणार म्हणत होता ना? आमचीच वॅगनआर होती.

आता त्याचा फोन बंद लागायला लागला होता.

मार्चमध्ये ठाणे जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यातून फोन आला. तुमच्या गाडीनं मोटारसायकलला धडक दिलीय, मालक म्हणून हजर व्हा. आम्ही दोघं गेलो. पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात धुळीनं भरलेल्या गाड्यांच्या रांगेत ती उभी होती. पुढचा डावा दिवा फुटलेला, बंपर लोंबकळत होता. मागच्या काचेवर पिवळं फुलपाखरू तसंच होतं. मी काचेवर हात ठेवला आणि मला रडू आलं.

चालवणारा एक तरुण मुलगा होता. त्यानं ती एका जुन्या गाड्यांच्या यार्डातून पंच्याऐंशी हजारांना घेतली होती, ‘कागद महिन्याभरात नावावर होतील’ या बोलीवर. त्याच्याकडे माझ्या सहीचे तेच टीटी फॉर्म होते, अजूनही कोरे. चोरबाजारातलं एखादं जुनं इंजिन टाकून, थोडा रंग मारून गाडी विकली गेली होती. मिस्त्रींच्या मते हे सगळं पंचवीस-तीस हजारांत बसतं. म्हणजे त्या माणसानं भंगाराची किंमत मोजलीच नव्हती. २०२८ पर्यंत चालणारी आरसी त्याला हवी होती. खाली पत्रा कसलाही असो.

जखमी झालेला मुलगा पंचविशीतला, पार्सल पोचवण्याचं काम करणारा. पायात रॉड घातलाय, चार महिने काम बंद. ऑगस्टमध्ये मला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. नऊ लाखांचा दावा, आणि सामनेवाल्यांमध्ये माझं नाव. विमा कंपनी नाहीच, कारण विमा मी भरला नव्हता आणि माझ्यानंतर कुणीच भरला नव्हता.

मी वकिलांना म्हटलं, गाडी मी विकलीय, साक्षीदार आहेत, फोटो आहे. त्यांनी जे समजावलं ते ऐकून माझे पाय गार पडले. कायद्याच्या लेखी मालक म्हणजे आरसीवर ज्याचं नाव तो. गाडी प्रत्यक्षात कुणाच्या ताब्यात आहे, कितीदा विकली गेली, यानं अपघातग्रस्ताच्या दाव्यापुरता फरक पडत नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलंय. तिथंही गाडी एकामागून एक अनेकांच्या हाती गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती, आणि भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच आली. नाहीतर जखमी माणसानं खरा मालक शोधत किती दारं हिंडायची? त्या मुलाच्या बाजूनं पाहिलं तर मला हे बरोबरच वाटतं. तारखेला तो काठी टेकत आला होता, त्याची आई सोबत होती. त्यांच्यावर मी कुठल्या तोंडानं रागावू?

माझ्या बाजूनं आता जे चाललंय ते असं. नाशिकमध्ये फसवणुकीची तक्रार दिलीय, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली. तक्रारीची प्रत, टोलचे मेसेज, चलानचे फोटो आणि टोइंगचा फोटो जोडून आरटीओत अर्ज दिलाय, की या नंबरवर पुढचा कुठलाही व्यवहार होऊ देऊ नये. यार्डवाला आणि त्याच्याकडून गाडी घेणारा तो तरुण, दोघांनाही दाव्यात आणण्याचा अर्ज वकिलांनी केलाय. कार्डवरचा तो माणूस अजून सापडलेला नाही. सिम दुसऱ्याच कुणाच्या नावावर निघालं.

गाडी तोडायलाच द्यायची असेल तर मान्यताप्राप्त केंद्रातच द्या, पैसे कमी मिळाले तरी. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत आरसीची आणि जमा केल्याच्या पावतीची प्रत जपून ठेवा. फास्टॅग गाडीवरून स्वतःच्या हातानं खरवडून काढा आणि खातं बंद करा. चालवायला म्हणून विकत असाल तर फॉर्ममध्ये घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरल्याशिवाय सही करू नका, आणि २९ ची सूचना स्वतः आरटीओत पोचवा. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर कायद्यानं चौदा दिवसांची मुदत आहे. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहून त्यावर घेणाऱ्याची सही आणि त्याच्या आधारची प्रत घ्या. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा, कुठल्या गाडीसाठी आणि कशासाठी. आणि नाव बदलेपर्यंत विमा चालू राहू द्या. चारेक हजारांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा) वाचवून मी नऊ लाखांच्या दाव्यासमोर एकटी उभी आहे.

ज्यांनी आधीच देऊन टाकलीय त्यांनी आज एक काम करावं. सरकारचं एमपरिवहन ॲप उघडून जुन्या गाडीचा नंबर टाकावा. मालकाच्या नावाची अर्धी अक्षरं फुल्यांनी झाकलेली दिसतात, पण आपलं नाव ओळखू येतंच. आपलंच नाव असेल तर उद्यावर न टाकता आरटीओत आणि पोलिसांत लेखी द्या आणि पोच घ्या.

मी रोज सकाळी बघते. अजून माझंच आहे. पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ठाण्याला जायचं आहे.