डिस्नी वर्ल्डचा सगळ्यात स्वस्त वार्षिक पास : फ्लोरिडात राहून वापरल्यानंतरचा अनुभव

घाईत वाचणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगते. ऑरलँडोच्या आसपास राहत असाल, मुलं लहान असतील आणि आठवड्यातल्या कामाच्या दिवशी संध्याकाळचे दोन-तीन तास काढता येत असतील, तर वॉल्ट डिस्नी वर्ल्डचा (म्हणजे मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम या चार पार्कांचा) सगळ्यात स्वस्त वार्षिक पास, पिक्सी डस्ट पास, पैसे पुरेपूर वसूल करून देतो. तो फक्त फ्लोरिडाच्या रहिवाशांना मिळतो. पण न्यू जर्सीहून, डॅलसहून किंवा थेट डोंबिवलीहून येणाऱ्या कुटुंबाचा हिशेब वेगळा आहे आणि तो वर्षागणिक जड होत चाललाय. या दोन्ही बाजू मी गेल्या काही महिन्यांत जवळून पाहिल्या, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आम्ही २०२५ च्या सुरुवातीला पास घेतले. तेव्हा माणशी ४६९ डॉलर आणि वर साडेसहा टक्के कर, म्हणजे आम्हा चौघांचे जवळजवळ दोन हजार डॉलर झाले. तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीटच लागत नाही, पण त्यापुढे पासाला लहान-मोठा असा दर नाही. आमच्या पाच वर्षांच्या धाकटीचा पास आणि तिच्या बाबाचा पास एकाच किमतीचा. हाच पास २०२१ मध्ये सुरू झाला तेव्हा ३९९ ला होता आणि ऑक्टोबर २०२५ पासून ४८९ झालाय. फ्लोरिडाच्या रहिवाशांना सुरुवातीला थोडी रक्कम भरून बाकीची बारा महिन्यांच्या हप्त्यांत, बिनव्याजी देता येते. तुम्ही वर्क व्हिसावर असलात तरी चालतं, फ्लोरिडाचं ड्रायव्हिंग लायसन्स पुरतं.

आता अटी. शनिवार-रविवार बंद. नाताळ, थँक्सगिव्हिंग असे सुट्ट्यांचे दिवस बंद. कुठल्या दिवशी कुठल्या पार्कमध्ये जायचं त्याचं आधी आरक्षण करावं लागतं, आणि एका वेळी तीनच दिवसांची आरक्षणं हातात ठेवता येतात. कागदावर हे सगळं वाचलं की वाटतं, शाळेत जाणारी मुलं असलेल्या घराला याचा काय उपयोग? पण २०२३ पासून पासधारकांसाठी एक नियम आलाय आणि आमचं सगळं त्यावरच चालतं. दुपारी दोननंतर आत जायला आरक्षण लागत नाही. (मॅजिक किंगडमला शनिवार-रविवारी हा नियम लागू नाही, पण त्या दिवशी आपला पास तसाही चालत नाही.) मुलांना शाळेतून उचलायचं, गाडीत कपडे बदलायचे आणि चारच्या सुमाराला एपकॉटच्या दारात. पार्किंगला एरवी दिवसाचे वेगळे पैसे पडतात, पासावर ते फुकट आहे. त्यामुळे दीड तासात मुलं कंटाळली तरी उठून घरी यायला काही वाटत नाही. एका दिवसाचं तिकीट काढलेल्या माणसाला हे सुख नाही. तो रडणाऱ्या पोराला कडेवर घेऊन रात्रीच्या आतषबाजीपर्यंत उभा राहतो, कारण पैसे भरलेले असतात.

आमची आवडती जागा एपकॉटमधली ‘लिव्हिंग विथ द लँड’. होडीत बसून काचेच्या हरितगृहांतून जायचं. मांडवावर चढवलेले टोमॅटोचे घोस डोक्याच्या वर लोंबत असतात, केळी असतात, पपया असतात, आणि काही रोपांची मुळं उघडी, हवेत, पोषक द्रव्यं मिसळलेल्या पाण्याच्या फवाऱ्यावर वाढत असतात. थोरल्याला ती मुळं बघायचं वेड लागलंय. मातीशिवाय झाड कसं जगतं यावर त्याने शाळेत चित्रांचा तक्ता केला. उंचीची अट नाही, किंचाळ्या नाहीत, आणि संध्याकाळी रांगही बेताची असते. नुसत्या मोठ्या रोलर कोस्टरवर बसायचं म्हणून पास घेऊ नका. अशा तीन-चार जागा तुमच्या मुलांना सापडल्या तरच तो वर्षभर पुरतो.

खाण्याबद्दल मला नेहमी विचारलं जातं. बाहेरचं खाणं आत नेता येतं, अगदी उघडपणे. काचेच्या बाटल्या आणि मोकळा बर्फ चालत नाही, बाकी डबा खुशाल न्या. आतल्या कुठल्याही साध्या खाण्याच्या काउंटरवर गार पाण्याचा पेला फुकट मागता येतो. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि काकडीच्या फोडी नेते. उन्हाळ्यात दहीभात टिकत नाही, थंडीत चालतो. चौघांचं आतलं साधं जेवणसुद्धा साठ-सत्तर डॉलरांच्या घरात जातं, त्यामुळे वर्षभरात पासाइतकीच बचत डब्यात होते म्हटलं तरी चालेल. एक मात्र सांगते, कधीतरी अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलातल्या ‘सना’ रेस्टॉरंटमध्ये जाऊन तिथली नान-चटण्यांची थाळी जरूर घ्या. वेगवेगळ्या चटण्या-लोणच्यांबरोबर गरम नान येतात, आणि तिथे जेवायला पार्कचं तिकीट लागत नाही.

आता बदलांबद्दल. इथे मला मनापासून वाईट वाटतं.

मॅजिक किंगडममध्ये १९७१ पासून एक नदी होती. तिच्यात लिबर्टी बेल नावाची वाफेची बोट फिरायची आणि मधोमध टॉम सॉयरचं बेट होतं. ६ जुलै २०२५ हा त्यांचा शेवटचा दिवस. आता तिथे ‘कार्स’ चित्रपटावरचा नवा भाग होतोय. शेवटच्या आठवड्यात आम्ही गेलो होतो. बेटावर गुहा होत्या, लाकडी किल्ला होता, डुगडुगणारा पूल होता, आणि मुलांना नुसतं पळायला मोकळीक होती. त्याच वर्षी जूनमध्ये हॉलिवूड स्टुडिओजमधला मपेट्स या बाहुल्यांचा खेळ बंद झाला. गार हॉलमध्ये बसून बघायचा, उन्हात भाजून आलेल्या आजी-आजोबांना टेकायला हक्काची जागा. अ‍ॅनिमल किंगडममधलं बोनयार्ड, म्हणजे डायनोसॉरच्या सांगाड्यांमधलं मुलांचं खेळायचं मैदान, तेही २०२५ मध्येच गेलं. त्या सगळ्या भागात २०२७ मध्ये ‘एन्कँटो’ आणि इंडियाना जोन्स या चित्रपटांवरच्या राइड येणार आहेत.

नवं येऊच नये असं मी म्हणत नाही. ट्रॉन आलं, गार्डियन्सचा कॉस्मिक रिवाइंड आला, दोन्ही रोलर कोस्टर अप्रतिम आहेत. पण गेलेल्या जागांची यादी एकत्र ठेवून बघा. तिथे रांग जवळजवळ नव्हती, उंचीची अट नव्हती, आणि तीन पिढ्या एकत्र बसू शकत होत्या. त्यांच्यासाठी रांग टाळायचे जादा पैसे द्यावेत असं क्वचितच कुणाला वाटलं असेल. नव्याने येणाऱ्या मोठ्या राइडसाठी मात्र देतील.

या जादा पैशांचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण भारतातून येणाऱ्या बहुतेकांना तो माहीत नसतो. १९९९ मध्ये फास्टपास आला. तिकिटाबरोबर तो प्रत्येकाला फुकट होता. ठरावीक वेळेला या आणि लहान रांगेतून जा. २०२० मध्ये करोनात पार्क बंद झाले तेव्हा तो थांबला आणि परत आलाच नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच्या जागी जिनी प्लस आलं, माणशी दिवसाला १५ डॉलर. पुढे त्याचा दर तारखेप्रमाणे आणि पार्कप्रमाणे बदलू लागला, जुलै २०२४ मध्ये त्याचं नाव लाइटनिंग लेन मल्टी पास झालं, आणि गर्दीच्या दिवशी मॅजिक किंगडमला तो माणशी तिसाच्या पुढे असतो. सगळ्यात मागणी असलेल्या राइडचे पैसे त्यातही वेगळे. २०२४ च्या शेवटी आलेल्या, वेळ न ठरवता पैशांच्या प्रत्येक रांगेतून एकदा जाऊ देणाऱ्या प्रीमियर पासचे दर १२९ पासून ४४९ डॉलरपर्यंत जाहीर झाले, माणशी, एका दिवसाचे, आणि प्रवेशाचं तिकीट त्यात धरलेलं नाही. जिथे ही पैशांची रांग आणि साधी रांग एकत्र येतात तिथे पैसे भरलेल्यांची रांग आधी सोडली जाते. ती व्यवस्थाच तशी आहे, आणि साध्या रांगेतली मुलं ते बघत उभी असतात. फाटकाच्या आत आल्यावर सगळी मुलं सारखी, ही जी गोष्ट होती ती गेली याचं मला दुःख आहे.

हे फक्त एकाच कंपनीचं आहे असंही नाही. मे २०२५ मध्ये ऑरलँडोतच डिस्नीच्या स्पर्धक युनिव्हर्सलचं एपिक युनिव्हर्स हे पार्क उघडलं, तिथेही रांग टाळायचे वेगळे पैसे आहेत. डिस्नीपुरतं बोलायचं तर २०२४ च्या आर्थिक वर्षात पार्क, पर्यटनाची जहाजं वगैरे मिळून असलेल्या विभागाने ९ अब्ज डॉलरहून जास्त कार्यकारी नफा कमावला, म्हणजे कंपनीच्या सगळ्या विभागांचा मिळून होता त्याच्या निम्म्याहून अधिक. टीव्हीचं उत्पन्न आटत असताना पार्कनेच घर चालवायचं, असं झालंय.

उन्हाळ्यात माझे आई-बाबा आले होते. इथल्या मराठी घरांत आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात आणि त्यांना डिस्नी दाखवणं हे ठरलेलंच असतं. ते रहिवासी नसल्यामुळे आमच्यासारखा पास त्यांना मिळत नाही. बाहेरच्यांना मिळणारा वार्षिक पास तेव्हा १,५४९ डॉलरचा होता. तो प्रश्नच नव्हता. ज्येष्ठांना वेगळी सवलत नाही. आम्ही शाळा सुरू झाल्यावर, ऑगस्टच्या शेवटी, अ‍ॅनिमल किंगडमचं सगळ्यात कमी दराचं तिकीट काढलं, माणशी ११९. दोघांचे करासह अडीचशे डॉलरच्या थोडे वर, म्हणजे साधारण बावीस हजार रुपये.

बाबांनी तो आकडा मला दोनदा विचारला. “बावीस हजारांत आपण चौघं आठवडाभर महाबळेश्वरला राहिलो असतो गं,” एवढंच म्हणाले आणि मग दिवसभर पैशाचं नाव काढलं नाही. सकाळी दार उघडताच आम्ही सफारीकडे गेलो. उघड्या ट्रकमधून जाताना एक जिराफ रस्त्यातच येऊन उभा राहिला आणि ड्रायव्हरने गाडी थांबवली. बाबांनी खिशातून चष्मा काढून लावला आणि तो जाईपर्यंत श्वास रोखून बघत होते. दुपारी महाराजा जंगल ट्रेकमध्ये पडक्या राजवाड्याच्या भिंतींआड वाघ झोपलेला होता. तिथल्या आनंदपूर गावाच्या भिंतींवरचा उडालेला रंग, जुन्या जाहिराती आणि तारांचं जाळं बघून आई म्हणाली, “हे तर कल्याण स्टेशनच्या बाहेरचं वाटतंय, फक्त झाडून घेतलंय.” आम्ही एकही जादा पास घेतला नाही. एकच पार्क, सकाळी लवकर, दुपारी दोनला घरी. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांना माझा हाच सल्ला आहे. चार पार्कांमधलं एकच दाखवायचं असेल तर मॅजिक किंगडमचा हट्ट सोडा, अ‍ॅनिमल किंगडम दाखवा. आतल्या प्राण्यांना बघायला डिस्नीच्या चित्रपटांची गोष्ट माहीत असावी लागत नाही.

नाताळात मावसभाऊ न्यू जर्सीहून आला. मुलं दहा आणि बारा वर्षांची. दहापासून पुढे मोठ्यांचं तिकीट लागतं. मॅजिक किंगडमचा त्या आठवड्यातला दर १९९ डॉलर. चौघांचे करासह साडेआठशे, वर लाइटनिंग लेन, वर पार्किंग. एका दिवसाचे हजार डॉलर जेवणाआधीच संपले. बाहेरच्या ज्या हॉटेलात ते उतरले होते तिथे खोलीच्या भाड्यावर रोज वेगळी ‘रिसॉर्ट फी’ होती आणि ती त्यांना खोली सोडताना कळली. पूर्वी डिस्नीच्या स्वतःच्या हॉटेलात उतरलं तर विमानतळावरून फुकट बस असायची, तीही जानेवारी २०२२ मध्ये बंद झाली. मॅजिक किंगडमचं एका दिवसाचं तिकीट १९८२ मध्ये १५ डॉलरला होतं. महागाई धरली तर ते आजचे पन्नासेक डॉलर होतात. शंभरचा टप्पा २०१५ मध्ये ओलांडला. तिथून दोनशेच्या उंबरठ्यावर यायला दहा वर्षं पुरली.

भाऊ चांगला कमावतो. तरी तिसऱ्या दिवशी त्याने मला विचारलं, “पुढच्या वर्षी इतक्या पैशांत सगळे भारतात जाऊन येऊ का?” तो थट्टा करत नव्हता.

तुम्ही बाहेरून येणार असाल तर सप्टेंबरमधला किंवा जानेवारीच्या उत्तरार्धातला सुट्टी नसलेला मधला वार बघा. एका दिवशी एकच पार्क घ्या, पार्क बदलायची जादा सोय घेऊ नका. हॉटेल ठरवताना रोजचं भाडं, रिसॉर्ट फी आणि पार्किंग मिळून किती होतात ते आधी विचारा. लाइटनिंग लेन घ्यायचीच असेल तर फक्त मॅजिक किंगडमला घ्या, इतर ठिकाणी सकाळी दार उघडायच्या आधी अर्धा तास पोचलात तर तिची गरज सहसा पडत नाही.

आमच्या पासांची मुदत लवकरच संपतेय. मी आणि दोन्ही मुलं पुन्हा घेणार. मुलांबरोबर एक मोठं माणूस पुरतं आणि संध्याकाळी बहुतेक वेळा मीच जाते, म्हणून नवऱ्याचा या वर्षी घेत नाही. त्याचे करासह पाचशे वीस डॉलर होतात. आई-बाबा पुन्हा यायचं म्हणतायत, ते पैसे त्यांच्या तिकिटांसाठी बाजूला ठेवतोय.